राणीछाप रुपया खरा की खोटा? तपासताना या चुका टाळा

चुंबक लावलं, चिकटलं नाही, म्हणजे चांदीच! ही चूक जवळपास प्रत्येकजण करतो. अहो, तांबं, पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही, आणि जर्मन सिल्व्हरच्या नावात चांदी असली तरी आत औषधालाही नसते. चिकटलं तर ते नाणं चांदीचं नाही, चुंबक एवढंच सांगतं. आणि तरी लगेच खोटं म्हणू नका, १९४७ चा रुपया निकेलचा आहे, तो चिकटतोच आणि अस्सल असतो.

दुसरी चूक म्हणजे नुसत्या आवाजावर निकाल देणं. आमच्या आजीच्या डब्यात एक १८६२ चा रुपया होता, फरशीवर टाकला की बाकीचे खणखणायचे आणि हा थप्प वाजायचा, घरात सगळ्यांनी त्याला खोटा ठरवून टाकलं होतं. मी भिंगाखाली धरला तर वरच्या कडेला डाग, म्हणजे झाळून केलेला जोड दिसला, कधीतरी गळ्यात घालायला कडी लावून घेतली असणार. डागामुळे किंवा बारीक चिरेमुळे खऱ्या नाण्याचाही आवाज बसतो.

मग खात्री कशी करायची? वजन करा, पण नुसतं वजन नाही, पाण्यातलं पण. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे तेव्हाचा एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. झिजलेला थोडा कमी भरेल, पण जास्त भरला तर शंका घ्या (डाग असेल तर गोष्ट वेगळी). आता काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला-काचेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. चांगल्या चांदीचा रुपया १.१३ च्या आसपास दाखवतो, भागाकार १०.३ च्या जवळ येतो. जर्मन सिल्व्हरचा साधारण ८.७ येतो. आजीचा तो रुपया ११.८८ भरला, पाण्यात १.१५, म्हणजे १०.३३. इतकी वर्षं बिचाऱ्याला उगाच बाजूला ठेवलं होतं!

इथेच अजून एक घोळ होतो. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे, वजन तेच ११.६६, पण पाण्यात तो १.२२ दाखवतो आणि भागाकार ९.५ च्या आसपास येतो, मग लोक घाबरतात. घाबरू नका, तो तसाच असायला हवा. म्हणून आधी साल बघा, मग आकडा.

साल आणि मजकूर जुळतो का हे तर कुणी बघतच नाही. व्हिक्टोरियाच्या रुपयावर 'एम्प्रेस' १८७७ पासून येतं, त्याआधी 'क्वीन'. १८६२ आणि एम्प्रेस एकत्र दिसलं तर धातू कितीही चांगला असो, नाणं बनावट. तसंच १८१८ साल, ईस्ट इंडिया कंपनी आणि रामदरबार किंवा हनुमान असलेली नाणी, कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत, भावनेपोटी कृपया पैसे घालवू नका.

आणि चांदी खरी म्हणजे नाणं खरं असंही नाही. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून साध्या सालाचा शेवटचा आकडा कोरून बदलतात. भिंगातून तो एक आकडा इतरांच्या शेजारी ठेवून बघा, उंची वेगळी वाटते का, भोवती खरवडल्यासारखं दिसतं का. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा मऊ, पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि कडेवर जोडाची रेघ किंवा कानस मारल्याच्या खुणा असतात.

तपासायच्या आधी नाणं चिंच, लिंबू, राखेने घासू नका, प्लीज. अक्षरांच्या खाचेत वर्षानुवर्षं बसलेला काळा थर हाही पुरावाच असतो, नवीन नाण्यावर रसायनाने चढवलेला काळेपणा बहुतेक वेळा सगळीकडे एकसारखा दिसतो. घासलंत की हा फरकही गेला आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमतही.