नंदगडात घर दाखवायचंय? गाडी स्टँडवरच सोडा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात मी गिऱ्हाईकाला चालवतच नेतो. किराणा, दवाखाना किती लांब, ते त्याचे पायच सांगतात. वाटेत कट्ट्यावरच्या आजीला हटकून विचारा, "पावसाळ्यात पाणी कुठवर येतं हो?" भिंतीवरची ओल मालक रंगानं झाकतो, आजी झाकत नाही. (आमचा चहाही तिथंच होतो.)

कागद कन्नडात असतात, म्हणून वाचणारा माणूस बरोबर घ्या. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा (पंचायतीतल्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) नमुना 9, म्हणजे मिळकतीचा उतारा, मागा आणि नोंद 11अ (नियमित मिळकत) आहे की 11ब (नियमात न बसणारी), ते नीट बघा. 11ब दिसला की बँका कर्जाला कुरकुरतात. गुंठ्याचे 1,089 चौरस फूट धरून मापही टेपनं स्वतः घ्या.