सी ड्राइव्ह वाढवण्याआधी: तयारीची यादी

सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय आणि डीमध्ये मात्र काहीशे जीबी नुसते पडून आहेत, ही तक्रार नेहमीची. लॅपटॉप घेताना दुकानदाराने १ टीबीच्या डिस्कचे दोन भाग (म्हणजे पार्टिशन) पाडून दिलेले असतात: सीला शंभर-दीडशे जीबी, उरलेलं सगळं डीला. पुढे विंडोज फुगत जातं आणि सी पुरेनासा होतो. डीमधली जागा सीकडे वळवता येते, पण चुकलं तर डेटा जातो. म्हणून कशालाही हात लावण्याआधी पुढची तयारी करून ठेवा.

पहिल्यांदा हे काम खरंच लागणार आहे का ते बघा. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज इथे गेलात की जागा कुणी खाल्लीय ते दिसतं. डाउनलोड्समध्ये साचलेले व्हिडिओ आणि टेम्पररी फाइल्स काढून भागत असेल, तर पार्टिशनच्या वाटेला जाऊच नका. हायबरनेट (उघडं काम डिस्कवर साठवून मशीन बंद करण्याची सोय) कधीच वापरत नसाल, तर तेही बंद करता येतं. त्याची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा अडवून बसते.

भागत नसेल, तर आधी बॅकअप. "डीवर कॉपी ठेवलीय" याला बॅकअप म्हणत नाहीत. सी आणि डी हे एकाच कपाटाचे दोन कप्पे आहेत. कपाट पडलं की दोन्ही पडले. कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवी. (१ टीबीची नवी डिस्क लावल्यावर ९३१ जीबीच दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४ च्या.) फोटो आणि डॉक्युमेंट्स सगळेच घेतात. राहून जातं ते वेगळंच: डेस्कटॉपवर टाकलेल्या फाइल्स, आउटलुकमधल्या मेलची पीएसटी फाइल, टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड. आणि युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट. जुनी पत्रं, पत्रिका, अहवाल अशा फाँटमध्ये असतील, तर तो फाँट नसलेल्या मशीनवर नुसती अक्षरांची खिचडी दिसते, म्हणून फाँटच्या फाइल्सही सोबत घ्या. कॉपी झाल्यावर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइल्स उघडून बघा.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी (एन्क्रिप्ट करणारी) विंडोजची सोय. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला पत्ताही नसतो. अशी डिस्क अडून बसली की ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. आजच कागदावर उतरवून घ्या. पार्टिशन सरकवणारं बाहेरचं सॉफ्टवेअर वापरणार असाल, तर एन्क्रिप्शन पूर्ण बंद करून घेतलेलं बरं. त्याला काही तास लागू शकतात, म्हणून हे आदल्या दिवशीच उरका.

डिस्कची तब्येत तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर'च्या ओळीत, 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यात शून्याशिवाय दुसरं काही दिसलं, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर पार्टिशनचा बेत रद्द. अशा डिस्कवरून डेटा काढायचा आणि एसएसडी बसवायची.

आता खरा गुंता. स्टार्टवर राइट-क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा. डावीकडून साधारण असा क्रम दिसेल: १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय (विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्सचं पार्टिशन), मग सी, मग कधीकधी रिकव्हरी (विंडोज दुरुस्तीचं पार्टिशन), मग डी. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय सीला लागून उजवीकडे मोकळी जागा असेल तरच उमटतो. लोक डी 'श्रिंक' (लहान) करतात आणि तरी पर्याय पुसटच, कारण श्रिंक केल्यावर जागा डीच्या उजव्या टोकाला सुटते, सीच्या बाजूला नाही. इलाज दोनच. डी पूर्ण रिकामा करून डिलीट करायचा, सी वाढवायचा आणि उरलेल्या जागेत डी नव्याने पाडायचा, किंवा जीपार्टेड, मिनीटूल यांसारख्या सॉफ्टवेअरने डीची सुरुवात उजवीकडे सरकवायची. दुसऱ्या पद्धतीत डीमधला सगळा डेटा हलतो, जुन्या हार्ड डिस्कवर त्यात रात्र जाते. माझं मत विचाराल तर पहिली पद्धत. बॅकअप तर तुम्ही घेतलाच आहे.

मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलं, तर ते उडवू नका, अशाच सॉफ्टवेअरने सरकवा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटला याच पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती, आणि ती नसलेल्या मशीनवर अपडेट एरर देऊन अडकलं. या सगळ्यात विंडोजने डिस्क 'डायनॅमिक' करू का असं विचारलं, तर उत्तर नाही.

८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा बूट होणारा पेनड्राइव्ह बनवा, आणि लॅपटॉप त्यावरून सुरू होतो का ते आधीच बघा. अडकलेले अपडेट आणि रीस्टार्ट उरका, स्लीप बंद करा, चार्जर लावून ठेवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. डिलीट करण्याच्या क्षणी बॅकअपची डिस्क मशीनला लावलेली नको. यादीत डिस्क ० आणि डिस्क १ एकाखाली एक दिसतात, आणि घाईत भलतीवर क्लिक होतं.

हे स्वतः करायचं नसेल आणि मशीन दुकानात द्यायचं असेल, तर बॅकअप आणि रिकव्हरी की तरीही स्वतःच काढून ठेवा. रिपेअरवाल्याकडे कुठल्याही दुखण्यावर "फॉरमॅट मारून देतो" हा एकच काढा असतो. "फॉरमॅट करू नये, फक्त सीची जागा वाढवावी" हे पावतीवर लिहून घ्या आणि डिस्क मॅनेजमेंटचा काढलेला फोटो त्याला पाठवून ठेवा.