गावच्या देवराईची नोंद कशी करावी

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात देवराई नाही असे गाव विरळाच. पण त्या राईविषयी दोन पानांची लेखी माहिती मागितली, तर ती मात्र सहसा मिळत नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला आणि त्यांचे मोल जगापुढे मांडले. तरीही आपल्या गावच्या राईत कोणते झाड कोठे उभे आहे आणि ते आजवर का तोडले गेले नाही, हे त्या गावच्या माणसांनीच लिहून ठेवायला हवे. इतिहासाची एक वही आणि झाडांची दुसरी, असे मात्र करू नये. देवाच्या नियमामुळे झाड उरले आणि झाड उरले म्हणून नियमाचा पुरावा उरला, त्यामुळे दोन्ही नोंदी शेजारी शेजारी असल्या तरच राई समजते.

कामाची सुरुवात राईत न करता गुरवाच्या ओटीवर करावी. राईत कोणी आणि केव्हा जायचे, चपला कोठे काढायच्या, छायाचित्रे चालतात का, हे आधी विचारून घ्यावे, कारण प्रत्येक राईचे रिवाज वेगळे असतात आणि ते रिवाज हाच नोंदीचा पहिला विषय आहे. अनेक ठिकाणी पडलेले वाळके लाकूडही घरी नेत नाहीत. देवळाच्या कामासाठी झाड लागले, तर आधी कौल लावतात. देवाला चिकटवलेली कळी किंवा पाकळी कोणत्या बाजूची पडली, यावरून झाडाचा निर्णय होतो. ही पद्धत पाहणाऱ्या माणसाच्या तोंडून, त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावी.

वडीलधाऱ्यांना "राई किती जुनी आहे?" असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर "पूर्वापार" असेच येते. त्याऐवजी देवळाचे वासे कोणत्या झाडाचे आहेत, शेवटचे मोठे झाड कधी उन्मळून पडले आणि त्याच्या लाकडाचे काय झाले, असे विचारावे. साल आठवत नसेल, तर सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांचा आधार द्यावा: 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप, 1972 चा दुष्काळ, किंवा रायगडच्या किनाऱ्यावर 3 जून 2020 रोजी आलेले निसर्ग चक्रीवादळ. "भूकंपाच्या आदल्या वर्षी" एवढे कळले, तरी नोंदीला पक्के साल मिळते.

यानंतर कागदपत्रांकडे वळावे. तलाठ्याकडून राईच्या गटाचा सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्यावा. जमीन देवाच्या नावावर आहे, गावकीची आहे, खासगी आहे की वनविभागाची, यावर राईचे पुढचे भवितव्य अवलंबून असते. देवस्थान इनाम, म्हणजे देवाच्या पूजेअर्चेसाठी दिलेली जमीन, असल्यास ते इनाम जमिनींच्या वर्ग 3 मध्ये मोडते. जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर वेगवेगळे असू शकतात, म्हणून दोन्ही लिहावेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत, म्हणजे इंग्रजकालीन जिल्हावार माहितीग्रंथांत, उदाहरणार्थ 1880 च्या रत्नागिरी-सावंतवाडी किंवा 1883 च्या कुलाबा-जंजिरा खंडात, परिसराचे तत्कालीन वर्णन सापडते.

राईत वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा) किंवा सतीशिळा असेल, तर तिच्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवावी. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्याशी बहुधा चंद्र-सूर्य. कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात दिसला, तर ती सतीशिळा समजावी. झिजलेले कोरीव काम उठून दिसावे म्हणून खडू, तेल किंवा शेंदूर मुळीच लावू नये. सावलीत विजेरीचा प्रकाश एका बाजूने तिरपा टाकला, की पुसट वाटणारी तलवारही स्पष्ट दिसते.

झाडांच्या नोंदीत स्थानिक नाव आधी लिहावे आणि शास्त्रीय नाव खात्री झाल्यावरच जोडावे. बुंध्याचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर मोजावा. उतारावर ही उंची वरच्या बाजूने धरावी आणि बुंध्याला आधारमुळांचे पंख असतील, तर त्यांच्या वर फीत गुंडाळावी. वयाचा आकडा नुसत्या घेरावरून लिहू नये. मोठ्या वेलींकडे हमखास दुर्लक्ष होते, वास्तविक गारंबीसारखी मांडीएवढी जाड वेल आणि तिची मीटरभर लांब शेंग दिसणे ही राई दीर्घकाळ अबाधित राहिल्याची मोठी खूण आहे. जमीन सतत ओली असेल, तर मुळांकडेही पाहावे. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाची झाडे दलदलीत उभी आहेत आणि त्यांची मुळे श्वासासाठी चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात. ते ठिकाण आज जैवविविधता वारसा स्थळ आहे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची मोजणी रोपांची आहे. प्रत्येक मोठ्या झाडाखाली दहा पावले लांब आणि दहा पावले रुंद चौकोन आखून त्यात त्याच जातीची किती रोपे आणि किती पोरसवदा झाडे आहेत, ते मोजावे. पालापाचोळा हाताने हलकेच बाजूला केला, की खाली ओलसर काळी माती, पांढरे बुरशीचे तंतू आणि फुटलेल्या बिया दिसायला हव्यात. त्याऐवजी टणक, झाडून काढलेली जमीन आणि गुरांच्या खुरांचे ठसे दिसले, तर राई वरून कितीही गर्द असली, तरी तिच्यात पुढची पिढी नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवळाभोवती फरशी घातली जाते, तेव्हाही हेच होते, आणि हे पाहून मला फार वाईट वाटते.

पक्ष्यांसाठी बेहडा, आंबा, सातवीण अशा ढोलीच्या झाडांवर दुरून लक्ष ठेवावे. धनेशाची मादी स्वतःला ढोलीत बंद करून घेते आणि फटीतून नर तिला फळे भरवतो. अशा वेळी जवळ जाऊ नये आणि घरट्याची जागा जाहीरही करू नये. झरा असल्यास ठरावीक मापाची बादली भरायला किती सेकंद लागतात, हे वैशाखात आणि दिवाळीनंतर अशा दोन वेळा मोजावे.

वही पूर्ण झाली, की ती ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि हरकती तिथल्या तिथे दुरुस्त कराव्यात. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोकजैवविविधता नोंदवही ठेवते. तिच्यात ही माहिती समाविष्ट करण्याचा ठराव त्याच सभेत घ्यावा. एक प्रत शाळेत आणि एक गुरवाच्या घरी ठेवावी. मोजलेल्या झाडांचे क्रमांक नकाशावरच लिहावेत, खोडात खिळा ठोकू नये, म्हणजे पाच वर्षांनी दुसऱ्या कोणालाही त्याच झाडाभोवती पुन्हा फीत धरता येईल.