संदर्भनोंदीतील लोणकढी थाप कशी पकडावी

विकिपीडियासारख्या कोशातील नोंदीखाली भरपूर तळटिपा असल्या की ती नोंद विश्वासार्ह मानावी, हा सल्ला मला इतक्यांनी दिला आहे की आता मी त्यावर एकच उदाहरण सांगतो. १६४०-४१ मध्ये डिचोलीच्या परिसरात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झाल्याचा सविस्तर लेख २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर आला, त्याच वर्षी त्याला चांगल्या लेखाचा अधिकृत दर्जा मिळाला आणि २०१२ च्या अखेरीस तो निव्वळ बनाव ठरून काढला गेला. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा, हे ठाऊक असलेला कोणीही पहिल्या वाक्यालाच अडखळला असता. तळटिपा मोजणारे मात्र अडखळले नाहीत.

सर्वप्रथम संपूर्ण लेख बाजूला ठेवून तपासायचे एकच विधान निवडावे.

त्यानंतर त्या विधानाची तळटीप उघडावी. पुस्तक असल्यास ते ग्रंथालयाच्या सूचीत आहे का आणि दिलेल्या पानावर खरोखर तेच लिहिले आहे का, हे पाहावे. डिचोलीच्या लेखाचे मुख्य आधारग्रंथ अस्तित्वातच नव्हते.

खरी कसोटी यापुढे लागते, कारण तळटीप खरी असूनही विधान खोटे असू शकते. कोआटी या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ही म्हणतात, असे २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने गमतीने विकिपीडियावर लिहिले. वर्तमानपत्रांनी ते नाव उचलले आणि पुढे त्याच वर्तमानपत्रांतील मजकूर विकिपीडियावर त्या नावाचा पुरावा म्हणून जोडला गेला. थापेने स्वतःच स्वतःची साक्ष काढली. एका शोधाच्या श्रेयाबाबत मीही असाच फसलो होतो. तीन ठिकाणी एकच नाव आढळले म्हणून मी ते निर्धास्तपणे लिहिले आणि ते तिन्ही लेख एकाच नोंदीवरून उतरवलेले होते, हे मला छापून आल्यानंतर कळले. तेव्हापासून मी स्रोतांची संख्या मोजत नाही, तारखा लावतो.

त्यासाठी विकिपीडियाच्या पानावरील ‘इतिहास पहा’ ही जुन्या आवृत्त्यांची यादी उघडून ते वाक्य नोंदीत नेमके कोणत्या दिवशी आले ते शोधावे. शेकडो आवृत्त्या ओळीने वाचत बसणे हा वेडेपणा आहे. मधली आवृत्ती उघडावी. वाक्य तेथे असेल तर आधीचा अर्धा भाग आणि नसेल तर नंतरचा अर्धा भाग घ्यावा, आणि अशी अर्धी-अर्धी विभागणी करत गेल्यास हजार आवृत्त्यांतूनही सुमारे दहा टप्प्यांत उत्तर मिळते. मात्र सापडलेल्या तारखेवर लगेच विसंबू नये. वाक्य मध्यंतरी काढून पुन्हा घातलेले असू शकते किंवा दुसऱ्या लेखातून आणलेले असू शकते, म्हणून त्याआधीच्या काही आवृत्त्याही चाळाव्यात.

आता त्या तारखेपूर्वीचा एक तरी स्वतंत्र उल्लेख शोधावा. नंतरचे शंभर उल्लेख असले तरी ते माझ्या लेखी शून्य आहेत, मग छापणारे वर्तमानपत्र कितीही नामांकित असो. संगीतकार मोरिस झार यांचे २००९ मध्ये निधन झाले, तेव्हा आयर्लंडमधील एका विद्यार्थ्याने त्यांच्या नावावर खपवलेले उद्गार ‘गार्डियन’नेही मृत्युलेखात छापले होते. शोधयंत्राने दाखवलेल्या तारखेवरही विश्वास ठेवू नये, कारण गूगल बुक्समध्ये नियतकालिकाच्या नव्या अंकाला कधीकधी त्या मालिकेच्या पहिल्या खंडाचे वर्ष चिकटलेले असते. संकेतस्थळाच्या पानाची जुनी प्रत वेबॅक मशीन या जुनी पाने जपून ठेवणाऱ्या संग्रहात पाहावी.

छापील म्हणजे पवित्र, असेही नाही. न्यू कोलंबिया एन्सायक्लोपीडियाच्या १९७५ च्या आवृत्तीत लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझेल या छायाचित्रकार स्त्रीचे चरित्र आहे. टपालपेट्यांची छायाचित्रे काढणारी ही बाई संपादकांनीच कल्पनेतून जन्माला घातली होती. म्हणून जुना उल्लेख सापडल्यावर त्याचाही आधार काय, हे विचारावे.

विधान खोटे ठरल्यास ते नुसते पुसून निघून जाऊ नये. नोंदीला जोडलेल्या चर्चापानावर वाक्य आल्याची तारीख आणि प्रत्येक स्रोताची तारीख शेजारीशेजारी लिहावी. अन्यथा महिन्याभरात कोणी सज्जन तेच वर्तमानपत्र तळटिपेत देऊन ते वाक्य परत आणतो. निर्णय होत नसेल तर त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ ही खूण दाखवणारा साचा लावावा आणि तोवर ते विधान आपल्या लेखनात वापरू नये.