एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केल्यावर पीसी अडकतोय?

गेम मधेच बंद पडतो, निळा स्क्रीन येतो? नवी रॅम घेण्याआधी एवढं करून बघा.

१. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणारा सेटिंगचा मेनू) एक्सएमपी बंद करा. त्रास थांबला तर रॅम बहुतेक ठणठणीत आहे.

२. चार रॅम स्लॉटच्या मदरबोर्डवर रॅमच्या दोनच स्टिक असतील तर त्या शक्यतो प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात.

३. एक्सएमपी पुन्हा चालू करून फक्त वेग उतरवा, ३६०० असेल तर ३४०० किंवा सरळ ३२००. टायमिंगला हात लावू नका. रोजच्या वापरात हा फरक जाणवतही नाही.

४. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्री लावून झोपा, तपासणीच्या चारही फेऱ्या (पास) पूर्ण होऊ द्या. एक एरर आला तरी नापासच.

तोवर विंडोज अपडेट किंवा फोटोंचा बॅकअप नको. बिघडलेला डेटा गुपचूप डिस्कवर जाऊन बसतो.