‘आउटस्टँडिंग रेसलर’ कसा ठरतो? न्यू जर्सीतल्या एका कुस्तीवेड्या बापाचा अनुभव

मी मूळचा कोल्हापूरकडचा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून खासबागेतल्या कुस्त्या पाहिल्या आहेत. त्यामुळे मुलगा इथे न्यू जर्सीत हायस्कूलच्या कुस्ती संघात गेला, तेव्हा मला वाटलं, यातलं आपल्याला सगळं कळतं. दहावीच्या वर्षी एका शनिवारच्या स्पर्धेत त्याने आपला वजनगट जिंकला. दोन कुस्त्या, दोन्ही चितपट, दोन्ही पहिल्याच पिरियडमध्ये. शेवटी ‘आउटस्टँडिंग रेसलर’, म्हणजे त्या दिवसाचा सर्वोत्तम पैलवान, म्हणून नाव पुकारलं ते भलत्याच मुलाचं. त्या मुलाने फायनल एका गुणाने कशीबशी काढली होती.

मला ते फार लागलं. गाडीत मी बोलूनही दाखवलं. मुलगा म्हणाला, “बाबा, तो कोणाला हरवून आला ते बघा ना.” घरी आल्यावर ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी लढला याचा तक्ता, उघडून पाहिला. त्या मुलाने सेमीफायनलला आदल्या वर्षी राज्य स्पर्धेत पदक मिळवलेला पैलवान हरवला होता आणि फायनलला पहिलं मानांकन असलेला. आमच्या गटात सहाच मुलं होती. आम्हाला पहिली फेरी खेळावीच लागली नव्हती.

पुढच्या हंगामापासून मी टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसायला लागलो. आधी घड्याळ, मग गुणपत्रक, मग मुख्य टेबल. तिथे जे पाहिलं ते नव्याने येणाऱ्या पालकांसाठी आणि मुलांसाठी लिहितो आहे.

पहिली गोष्ट, हा मान मोजून मिळत नाही, मतांनी मिळतो. कुस्तीतले गुण आणि संघाचे गुण नियमपुस्तकात ठरलेले आहेत. स्पर्धेत चितपट केलं की संघाला २ जादा गुण, १५ गुणांच्या फरकाने टेक्निकल फॉल केला की दीड, ८ ते १४ गुणांच्या फरकाने जिंकलं की १. पण दिवसाचा सर्वोत्तम पैलवान कसा निवडायचा, हे ज्या-त्या स्पर्धेचे आयोजक ठरवतात. मी बसलेल्या बहुतेक स्पर्धांत प्रत्येक संघाच्या कोचला एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर संघाचं नाव, पैलवानाचं नाव आणि वजनगट लिहायचा. काही ठिकाणी आपल्याच मुलाला मत देता येत नाही, काही ठिकाणी देता येतं. कुठे पंच निवडतात. मोठ्या स्पर्धांत हलक्या गटांसाठी एक आणि जड गटांसाठी एक असे दोन मान असतात, आणि ते बरंच आहे. नाहीतर १०६ पौंडांच्या चपळ पोराची आणि २८५ पौंडांच्या धिप्पाड गड्याची तुलना करायची कशी?

कमीत कमी वेळात सर्वांत जास्त चितपट करणाऱ्यालाही बऱ्याच ठिकाणी वेगळं बक्षीस असतं. ते मात्र निव्वळ घड्याळाचं काम. तिथे मत नाही, वाद नाही. नवे पालक या दोन बक्षिसांत गल्लत करतात. मीही तीच केली होती.

मग कोच चिठ्ठीवर नाव लिहिताना बघतात काय? वजनगट जिंकणं जवळजवळ गृहीतच असतं. त्यानंतर सगळ्यांत जड पारडं प्रतिस्पर्ध्यांचं. खालचं मानांकन असलेल्या मुलाने वरच्या दोघांना हरवलं की त्याचं नाव चिठ्ठ्यांवर उतरायला लागतं. कॉलेजच्या कुस्तीतलं एक उदाहरण मी नेहमी देतो. २०१३च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत १६५ पौंडांच्या फायनलला काइल डेकने डेव्हिड टेलरला ५-४ असं हरवलं. एका गुणाचा फरक, तरीही मान डेकला. कारण समोरचा टेलर होता, २०१२चा विजेता आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम पैलवान. शिवाय डेकचं हे चौथं विजेतेपद चौथ्या वजनगटातलं होतं.

ती कुस्ती मुद्दाम रात्रीच्या शेवटी ठेवली होती. क्रमाचाही परिणाम होतो, हे मला टेबलावर बसल्यावर कळलं. फायनल कोणत्या वजनापासून सुरू करायची, हे काही स्पर्धांत चिठ्ठी टाकून ठरवतात. आणि मतांच्या चिठ्ठ्या पुष्कळदा शेवटच्या दोन-तीन फायनल चालू असतानाच गोळा होतात. बक्षीस समारंभ लांबू नये म्हणून तसं करतात, पण त्या शेवटच्या मुलांवर अन्याय होतो असं माझं स्पष्ट मत आहे. मी मुख्य टेबलावर असलो की शेवटची शिट्टी वाजेपर्यंत चिठ्ठी घेत नाही. पाच मिनिटं उशीर झाला तर होऊ दे.

आपल्याकडच्या मैदानाशी तुलना केली तर मला एक गोष्ट फार वेगळी वाटते. जत्रेच्या मैदानात पहिल्या क्रमांकाची कुस्ती आधीच ठरलेली असते. जोड कोणाची, इनाम किती, सगळं पत्रकावर छापलेलं. सर्वांत मोठा मान कोणत्या कुस्तीला, हे गावाला आदल्या दिवशीच माहीत असतं. इथे ते सगळं संपल्यावर ठरतं. सकाळी कुणाच्या ध्यानीमनी नसलेला मुलगा संध्याकाळी सर्वोत्तम पैलवानाची मानाची फळी हातात घेऊन उभा असतो. हे मला मनापासून आवडतं.

मुलांच्या हातात काय असतं, तर मानांकनाची माहिती. कोचला तुमच्या सगळ्या कुस्त्यांचे निकाल वेळेवर आणि खरे द्या. कोणी कोणाला हरवलं, दोघांचा समान प्रतिस्पर्धी कोण, मागच्या वर्षी कितवा आलात, यावर मानांकन ठरतं. चुकीचं मानांकन पडलं तर दोन चांगले पैलवान पहिल्याच फेरीत भिडतात, आणि ज्या विजयाने कोचचं लक्ष वेधायचं तो सकाळी नऊ वाजता रिकाम्या बाकांसमोर होऊन जातो. दुसरं, मान कोणत्या पद्धतीने देणार हे स्पर्धेआधी कोचला विचारून ठेवा. नंतर टेबलावर येऊन विचारणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलांच्या माना खाली गेलेल्या असतात.

आणि वागणूक. पंचांवर ओरडणाऱ्या, हेडगिअर फेकणाऱ्या मुलाचं नाव लिहायला कोचचा हात धजत नाही.

बारावीत माझा मुलगा त्याच स्पर्धेत पुन्हा फायनलला पोचला. मी त्या दिवशी मुख्य टेबलावर होतो, म्हणून मोजणीला दुसऱ्या एका बाईंना सोबत बसवलं. तिसऱ्या पिरियडमध्ये त्याने एकेरी पट काढला, पण समोरच्याने तो परतवून कब्जा घेतला. ८-५ असा हरला. हरवणारा मुलगा नववीतला होता, मानांकन सहावं. चिठ्ठ्या उघडत गेलो तसं एकच नाव येत राहिलं. आमच्या संघाची चिठ्ठी त्या बाईंनी उघडली आणि काही न बोलता माझ्यापुढे सरकवली. आमच्या कोचनेही त्याचंच नाव लिहिलं होतं.