खिशातला फोटो प्रिंटर घेताय? आधी कागदाचा भाव विचारा

मागे एकदा मे महिन्यात पुतणीचं साक्षगंध होतं, मूर्तिजापूरला. भाच्याने पुण्याहून एक छोटा प्रिंटर आणला होता. मोबाइलवरून फोटो पाठवायचा, की यंत्रातून पत्त्याच्या पानाएवढा फोटो बाहेर येतो आणि हळूहळू उमटतो. पहिले आठ-दहा फोटो झकास आले. बायकांनी ते पर्समध्येही टाकले. मग फिल्म संपली आणि भाचा गाडीत ठेवलेली दोन पाकिटं घेऊन आला. गाडी सकाळपासून उन्हात उभी, बाहेर 44 अंश, आत किती ते देवालाच ठाऊक. त्या पाकिटांतले फोटो निघाले ते सगळे धुवट. नवरीची साडी कुठे संपते आणि मागचा पडदा कुठे सुरू होतो, कळेना. व्याहीबुवा म्हणाले, "काय बाप्पा, आमचा फोटो काहून असा उडून गेला?"

मी अकोल्यात पोस्टाच्या आरडीची एजंट आहे. घरोघरी जाते, महिन्याचे हप्ते गोळा करते. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: हिचा हप्ता किती आणि किती वर्षं? साक्षगंधानंतर घरच्यांनी मलाच सांगितलं की आपल्यालाही असा एक प्रिंटर घे. घेतला, चुकले, पुन्हा घेतला.

दुकानात जाण्याआधी एकच ठरवा, छापलेला फोटो शेवटी राहणार कुठे? पाहुण्याच्या हातात, वहीवर चिकटवलेला, की अल्बममध्ये? या तीन जागांसाठी तीन वेगळी यंत्रं आहेत आणि तिन्ही कामं बरी करणारं एकही नाही. मी हे न ठरवता गेले, म्हणून पहिले पैसे वाया गेले.

दुसरी गोष्ट, यंत्राची किंमत पाहूच नका. म्हणजे पाहा, पण ती शेवटी. आठ-दहा हजारांचं यंत्र एकदाच घ्यायचं असतं. कागदाचा हप्ता मात्र कायमचा. तीन प्रकार खाली सांगतेच, पण मी हिशोब मांडला तेव्हा फिल्मच्या एका फोटोला पन्नासच्या आसपास पडत होते, चिकटणाऱ्या कागदाला चाळीसच्या आसपास, रिबनवाल्या मोठ्या फोटोला पंचवीस-तीस. स्टुडिओत चार बाय सहाचा फोटो याहून कितीतरी स्वस्त होतो. वर्षाला 120 फोटो धरले तर फिल्मचे 6,000 रुपये झाले. भाव बदलतात, म्हणून तुम्ही घ्याल त्या दिवशीचा भाव बघा, पाकिटाची किंमत भागिले आतले कागद, इतकंच गणित. बिघडलेल्या कागदांसाठी दहातला एक धरून चाला.

आता प्रकार. आधी फिल्म, कारण सगळ्यांचं मन तिच्यावरच जडतं. फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स मिनी लिंक हे यातलं ओळखीचं नाव, पहिला 2019 मध्ये आला, मग 2 आणि 3. यात शाई नसते. यंत्राच्या आतला प्रकाश फिल्मवर तुमचा फोटो पाडतो, बाहेर येताना रोलर फिल्ममधली रसायनाची पुडी दाबून पसरवतात आणि मग चित्र उमटतं. बाहेर यायला बारा-पंधरा सेकंद, नीट दिसायला काही मिनिटं. सगळे जमून त्या कोऱ्या चौकोनाकडे टक लावून बघतात, ती गंमत दुसऱ्या कुठल्याच यंत्रात नाही, हे कबूल. फोटो हलवून वाळवायची गरज नाही. आमच्याकडे सगळे पंख्यासारखे हलवत होते. कात्रीने कापू मात्र नका, आतलं रसायन कातडीला बरं नाही.

मिनीच्या अख्ख्या तुकड्याचं माप 54 बाय 86 मिलिमीटर, म्हणजे पॅन कार्डाएवढा. पाकिटातल्या एटीएम कार्डाच्या खाचेत अचूक बसतो. आमच्या दिरांच्या पाकिटात पॅन कार्डाच्या मागे आता नातीचा फोटो असतो. पण प्रत्यक्ष चित्र फक्त 46 बाय 62 मिलिमीटर. दोघातिघांचे चेहरे छान येतात, सहा-सात जणांत नाकीडोळी हरवतात आणि पन्नास जणांच्या पंगतीचा फोटो काढलात तर मोहरी सांडल्यासारखा दिसेल. मिनीत एकूण ठिपकेही 800 बाय 600 एवढेच, म्हणून तुमच्या फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा याला इथे काही अर्थ नाही. व्हॉट्सॲपवर आलेला फोटोसुद्धा चालतो. फोनच्या साध्या उभ्या फोटोचं आणि या चित्राचं प्रमाणही जवळपास एकच, त्यामुळे कुणाचं डोकं छाटलं जात नाही.

आणि ऊन. ही फिल्म 5 ते 40 अंशांत वापरा असं कंपनीच सांगते. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडच्या माणसाने हे वाक्य दोनदा वाचावं. आपल्याकडे एप्रिल उजाडला की दुपारी हा आकडा सहज ओलांडला जातो, आणि लग्नं तर तेव्हाच. मी आता काय करते सांगते: पाकिटं घरात फ्रिजच्या दारात, फ्रीझरमध्ये नाही. निघताना पाकीट बंदच ठेवून डब्याच्या पिशवीत, म्हणजे मुलांच्या जेवणाच्या डब्याची चंदेरी अस्तराची पिशवी असते ना, तिच्यात. तिथे पोचल्यावर तासभर बाहेर ठेवून मगच फोडते, नाहीतर गारठ्यावर दव धरतं. मांडवात बसायचं कूलरच्या बाजूला, पण थेट झोतात नाही, ओलावाही नको. दुपारचे फोटो मोबाइलमध्येच ठेवून छपाई संध्याकाळी केली तर सगळ्यात बरं.

फिल्मच्या पाकिटात दहा तुकडे. घातल्यावर आधी काळं झाकण बाहेर येतं, तो बिघाड नव्हे. मधेच मागचं दार उघडलं की उरलेल्या तुकड्यांवर उजेड पडतो आणि ते गेले. घरात लहान मूल असेल तर दाराच्या खटक्यावर सेलोटेप लावा. मी लावलीय. पाकिटावरची मुदत दुकानातच वाचा, लहान गावात जुना माल फडताळात पडून असतो. विमानाने जाणार असाल तर फिल्म सामानात टाकू नका, तिथली तपासणीची किरणं कडक असतात. हातातल्या पिशवीत ठेवा आणि जमलं तर हाताने तपासायला सांगा.

दुसरा प्रकार चिकटणारा, झिंक कागदाचा. एचपीचा स्प्रॉकेट, कॅननचा झोमिनी, कोडॅकचा स्टेप या घराण्यातले. झिंक म्हणजे शून्य शाई. रंग कागदातच असतात, पिवळा, जांभळट लाल आणि निळा असे तीन थर. डोळ्याला कागद पांढराच दिसतो. यंत्राचा तापलेला दांडा कुठे किती तापवायचं आणि किती वेळ ते ठरवून हवा तो थर जागा करतो. माप दोन बाय तीन इंच, मागे स्टिकर. मुलांच्या वह्या, पाण्याच्या बाटल्या, होस्टेलच्या कपाटाचं दार, याला हे यंत्र उत्तम. खिशात मावतं आणि प्रिंट लगेच कोरडी मिळते.

माझी पहिली खरेदी हीच. सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला चाळीस फोटो छापून आलेल्यांना द्यायचे असा माझा बेत. सलग पाच-सहा झाले की यंत्र तापायचं आणि थांबायचं. पाहुणे हात पुढे करून उभे, आणि मी यंत्र गार व्हायची वाट बघत उभी. रंगही जरा मळकट. सासऱ्यांचं उपरणं पांढरंशुभ्र होतं, फोटोत ते चहात बुडवल्यासारखं आलं. त्यात वर्षभराने माझ्या मापाचा कागद आमच्या दुकानात येणं बंद झालं. दोष यंत्राचा कमी, माझा जास्त: चिकटवायच्या यंत्राकडून मी वाटायचं काम मागितलं. तरी काही उपाय आहेत. छापण्याआधी फोनमध्ये फोटो थोडा उजळ करा. प्रत्येक पाकिटात एक रंगीत कार्ड येतं, ते फेकू नका. त्यावरच्या खुणा वाचून यंत्र त्या पाकिटापुरते रंग जुळवतं, म्हणून एका पाकिटाचं कार्ड दुसऱ्याला लावू नये.

तिसरा प्रकार रिबनचा. कॅननचा सेल्फी सीपी 1500 हा 2022 चा, यातला सगळ्यांना ठाऊक. हा खिशातला नाही, डब्याएवढा आहे, आणि बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते, नाहीतर प्लग शोधा. पण फोटो! 100 बाय 148 मिलिमीटरचा, स्टुडिओतल्यासारखा. पिवळा, लाल, निळा आणि शेवटी पारदर्शक थर, असा कागद चारदा आतबाहेर करतो. चाळीसेक सेकंदांत काम. दरवेळी कागद यंत्राच्या मागून बाहेर डोकावतो. भिंतीला टेकवून ठेवलंत तर अडकेल, आणि मुलांना वाटतं फोटो मागून येतोय, ती ओढतात. मागे वीतभर जागा सोडा. कागदावर धुळीचा कण असेल तर तिथे पांढरा ठिपका राहतो, म्हणून मांडवात वाऱ्यावर ठेवू नका. वरचा पारदर्शक थर ओल्या बोटांपासून वाचवतो. नातवाने श्रीखंडाचं बोट लावलं होतं, पुसलं, गेलं.

यात कागद आणि रिबन मोजून जोडीने येतात. 108 च्या पाकिटात रिबनच्या दोन डब्या, प्रत्येकी 54 फोटोंच्या. कागद अडकून फाटला तरी रिबनचा तेवढा भाग गेलाच. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: संपलेली रिबन उलगडलीत तर छापलेला प्रत्येक फोटो त्यावर उलट्या रंगांत दिसतो. कुणाच्या घरचे खाजगी फोटो छापले असतील तर ती अख्खी कचऱ्यात टाकू नका, कापून टाका. फोनचा आडवा फोटो यात वरखाली थोडा छाटला जातो, तेव्हा काढतानाच डोक्यावर जागा सोडा. आणि या मापाला व्हॉट्सॲपचा दाबलेला फोटो पुरत नाही, डॉक्युमेंट म्हणून मागवा.

हजारभर रुपयांत मिळणारी मांजराच्या, अस्वलाच्या तोंडाची यंत्रं चौथी. काळापांढरा फोटो, कागद एसटीच्या तिकिटाचा असतो तसाच. खिशात ठेवलेलं तिकीट कसं पुसट होतं ते माहीतच आहे. पोरांना खेळायला, वहीत आकृती चिकटवायला ठीक. आठवण म्हणून नको.

दुकानात गेलात की डब्याची चित्रं बघत बसू नका. आधी कागदाचं पाकीट मागा. "मागवून देतो" म्हणाला तर तुमच्या गावात तो कागद नाही असं समजा. मग त्या यंत्राचं ॲप तिथेच आपल्या फोनवर उतरवा. आपल्या अँड्रॉइडवर चालतं का, खातं उघडायला लावतं का, शेवटचं कधी सुधारलं होतं, हे पाहा. खिशातली यंत्रं ॲपशिवाय निव्वळ डबा असतात, ॲप बंद पडलं की संपलं. शक्य असेल तर एक फोटो तिथेच छापून घ्या, सावळ्या चेहऱ्याचा. गोरी मॉडेल सगळ्याच यंत्रांत छान दिसते. बिल आणि वॉरंटीचं कार्ड सांभाळा, हे एजंट म्हणून सांगते.

लग्नात, बारशात वापरणार असाल तर यंत्र एकाच माणसाच्या ताब्यात द्या. प्रत्येकाने आपापला फोन जोडायचा म्हटलं की अर्धा कार्यक्रम ब्लूटूथ जुळवण्यात जातो. आमच्याकडे भाचीचा फोन जोडलेला असतो, बाकीच्यांनी तिला फोटो पाठवायचे आणि तिने निवडायचे. निवडणारं कुणी असलं की कागद निम्मा लागतो. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो पन्नास रुपयांना छापण्यात काय अर्थ?

मी शेवटी फिल्मवालाच घेतला, कारण आमचा फोटो पाहुण्याच्या हातात जायचा असतो. महिन्याला एक पाकीट, त्याच्यावर नाही. सासूबाईंना तो फोटो फार लहान वाटतो, चष्मा लावूनही. त्यांच्यासाठी मी अजून टिळक रोडवरच्या स्टुडिओत जाऊन आठ बाय दहाचा करून आणते.